जंगलाची बातमी लिहिताना

भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल आला की ‘राज्यातील जंगल वाढले’ असा मथळा देण्याची घाई होते. ती प्रथम टाळावी. किमान एक हेक्टरची आणि १० टक्के किंवा अधिक वृक्षछत्र असलेली जमीन, मालकी कोणाचीही असो आणि झाडे कोणतीही असोत, या अहवालात वनाच्छादनात धरली जाते, त्यामुळे कोकणातील आमराईही त्या आकड्यात येऊ शकते. म्हणून घनदाट, मध्यम आणि विरळ हे वर्ग वेगळे काढून मागच्या अहवालाशी ताडून पाहावेत. २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचे भारताचे वचन अतिरिक्त वन आणि वृक्षाच्छादनावरच उभे असल्याने हा तपशील क्षुल्लक नाही.

पर्यायी वनीकरणाची, म्हणजे प्रकल्पांना दिलेल्या वनजमिनीच्या बदल्यात केलेल्या लागवडीची, जागा पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात पाहावी आणि एका रांगेतील खड्डे मोजून किती रोपांना हिरवी पाने आहेत ते वहीत टिपावे.

त्यानंतर ग्रामसभेचे ठराव मागावेत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क (जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळाला, परंतु बांबू बाहेर नेऊन विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती येण्यास २०११ उजाडले. माझ्या मते खरी बातमी या दोन वर्षांत होती. हक्काच्या कागदाची तारीख आणि अंमलाची तारीख नेहमी शेजारीशेजारी छापावी, तसेच बांबू तोडणाऱ्यांचे म्हणणे अधिकाऱ्यांच्या निवेदनाच्या आधी घ्यावे.