मुलांना नीट वाचायला आणि विचार करून लिहायला कसं शिकवायचं

आठवी ते दहावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट कायम दिसते. उताऱ्यावर "कोण म्हणाले", "कुठे गेले" असलं काही विचारलं की पैकीच्या पैकी मार्क, आणि खाली "स्वमत" आलं की गाडी अडली. मग उताऱ्यातलीच वाक्यं पुढेमागे करून चार ओळी भरायच्या. मुलं हुशार नाहीत असं अजिबात नाहीये, त्यांना लहानपणापासून फक्त उत्तर शोधायला शिकवलंय, लिहिलेल्या वाक्याला उलट प्रश्न विचारायला कुणी शिकवलंच नाही. आता तर बोर्डाची कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिकेच्या जागी आलेली) असते, दहावीच्या मराठीच्या 80 मार्कांच्या पेपरात अपठित उतारा असतो, स्वमत असतं, वैचारिक लेखन असतं, तिथे गाईड पाठ करून किती पुरणार?

मी सगळं एकाच प्रश्नावर घेते: हे कशावरून? वाचताना हा प्रश्न लेखकाला विचारायचा आणि लिहिताना स्वतःला. बाकी सगळं ह्यातूनच येतं.

आधी वाचन. उतारा छोटा घ्या, तीन-चार वाक्यांचा पण चालेल, पेपरातला घ्या, फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज घ्या, किंवा सरळ स्वतः लिहा. समजा असा: "गावात वाचनालय सुरू झाल्यापासून मुलं अभ्यासाला लागली आहेत. यंदा दहावीचा निकालही दहा टक्क्यांनी वाढला. म्हणून प्रत्येक गावात वाचनालय झालंच पाहिजे." मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि प्रत्येक वाक्याशेजारी एक अक्षर लिहायला सांगा. जे जाऊन तपासता येतं त्याला "त", जे लिहिणाऱ्याला वाटतं त्याला "म" म्हणजे मत, आणि आधीच्या वाक्यांवरून जे काढलंय त्याला "नि" म्हणजे निष्कर्ष. दुसऱ्या वाक्याला "त" सगळे देतात, तिसऱ्याला "नि" पण जमतं, पण पहिल्यावर भांडणं होतात आणि ती होऊ द्यायची. अभ्यासाला लागली हे कशावरून? कोणी मोजलं? वाचनालयात बसलेली दिसतात म्हणजे अभ्यासच करतात का?

मग निकालाकडे या. परीक्षेला मुलं किती बसली होती ते उताऱ्यात कुठेच नाही. 20 मुलं असतील तर दोनच मुलं जास्त पास झाली की निकाल दहा टक्क्यांनी वर जातो, हे फळ्यावर करून दाखवा, मुलांचे डोळे उघडतात. त्यानंतर विचारा की निकाल वाढायला दुसरं काय कारण असू शकेल, आणि गप्प बसा. गणिताला नवीन सर आले असतील, मागच्या वर्षीची बॅच कच्ची असेल, जी मुलं आधीपासूनच अभ्यास करणारी होती तीच वाचनालयात जात असतील, असं मुलं स्वतः सांगायला लागतात. एकानंतर दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं होत नाही, हे त्यांना आपण सांगायची गरजच पडत नाही. फक्त एक सांभाळायचं, वाचनालय नको असा अर्थ ह्यातून काढू द्यायचा नाही. वाचनालय हवंच असेल, पण हा उतारा ते सिद्ध करत नाही, ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की अर्धी लढाई जिंकली.

आता तर्क. स्कॉलरशिपला बुद्धिमत्ता चाचणी असते, एनएमएमएस ह्या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मॅट म्हणजे बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न असतात, त्यासाठी मुलं ट्रिक्स पाठ करतात आणि त्याचा उपयोगही होतो, पण तो सराव झाला, तर्क वेगळा शिकवावा लागतो. आणि त्यासाठी बाहेरून काही आणायला नको, आपल्या जुन्या न्यायशास्त्रातलं (हे कोर्टातलं नाही, तर्काचं शास्त्र) धुराचं उदाहरण पुरेसं आहे. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा, म्हणजे आपलं म्हणणं), कारण तिथे धूर दिसतोय (हेतू, म्हणजे कारण), जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), ह्या डोंगरावरही तसाच धूर आहे (उपनय), म्हणून तिथे आग आहे (निगमन). ही पाच नावं पाठ करून घेऊ नका, मुलांना त्यांचं स्वतःचं एखादं वाक्य ह्या साच्यात बसवायला लावा. "उद्या शाळेला सुट्टी मिळणार" असं एखादा म्हणाला की हेतू मागा. "पाऊस खूप पडतोय." बरं, मग जिथे जिथे खूप पाऊस तिथे तिथे सुट्टी असते का? मागच्या आठवड्यात पडला तेव्हा होती का? तिसऱ्या पायरीवरच बहुतेक वाक्यं कोसळतात, आणि ती का कोसळली हे मुलाला स्वतःला दिसतं, आपल्याला चूक म्हणावं लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे हे उलटं करून बघणं. धूर असेल तिथे आग असते, मग आग असेल तिथे धूर असतोच का? नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे पण धूर नाही, हे उत्तरही जुन्या नैयायिकांनीच (न्यायशास्त्राच्या पंडितांनी) देऊन ठेवलंय. मुलं (आणि मोठी माणसंही) सगळ्यात जास्त फसतात ती इथे. 1966 साली पीटर वॉसन ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ह्यावर कार्डांचं एक कोडं मांडलं होतं, ते मराठीत करून घ्या. चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतंय अ, क, 4 आणि 7. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असली पाहिजे. नियम पाळलाय का हे बघायला कमीत कमी कुठली कार्डं उलटाल? पुष्कळ जण अ आणि 4 म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि 7. कारण 4 च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, पण 7 च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

पटलं नाही तर लगेच दुसरं द्या. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स पाहिजे. चार माणसं आहेत: एक गाडी चालवतोय, एक मागे बसलाय, एकाकडे लायसन्स आहे, एकाकडे नाही. पहिल्या दोघांच्या लायसन्सचं माहीत नाही आणि शेवटचे दोघं चालवत होते की नाही ते माहीत नाही. पोलिसाने कोणाची चौकशी करायची? इथे सगळा वर्ग बरोबर सांगतो: चालवणाऱ्याची आणि लायसन्स नसलेल्याची. कोडं तेच आहे. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मुलं आपणहून जोड्या लावतात, आणि नियम मोडणारं उदाहरण शोधायचं असतं, नियमाला धरून असलेलं नाही, हे डोक्यात पक्कं बसतं.

लिहिण्याआधीचं काम मात्र बहुतेक ठिकाणी होतच नाही. विषय मिळाला की मूल थेट "आजच्या आधुनिक युगात" पासून सुरू करतं. ते थांबवायचं असेल तर पहिली दहा मिनिटं पूर्ण वाक्य लिहायलाच मनाई करा. "मोबाईल शाप की वरदान" हा विषय फार मोठा आहे, त्याचा आधी छोटा प्रश्न करायचा: शाळेत मोबाईल आणू द्यावा का? मग पाच मिनिटं डोक्यात येईल ते सुटे शब्द, कसेही, शुद्धलेखनाकडे न बघता: घरी निरोप, क्लास सुटायला उशीर, चोरी, गेम, कॅल्क्युलेटर, ज्याच्याकडे नाही त्याला काय वाटेल. हा पसारा झाला की मगच बाजू ठरवायची, आधी नाही, कारण आधी बाजू ठरवली की मूल फक्त सोयीचे मुद्दे आठवतं.

बाजू ठरली की एका वाक्यात म्हणणं, खाली दोन कारणं, प्रत्येक कारणाखाली स्वतः पाहिलेलं एक उदाहरण. आणि वेगळ्या चौकोनात समोरच्याचं म्हणणं, तेही त्याला ऐकून "हो, मला हेच म्हणायचंय" वाटेल इतकं नीट. आपल्याकडे ह्याला पूर्वपक्ष म्हणतात आणि जुन्या वादात तो मांडल्याशिवाय आपला सिद्धांत मांडायची सोयच नव्हती. "काही लोकांना वाटतं मोबाईल चांगला, पण ते चुकीचं आहे" हा पूर्वपक्ष नाही. "क्लास सुटायला सात वाजतात, रस्त्यावर दिवे नाहीत, मुलीकडे फोन असला की घरचे निर्धास्त राहतात" हा पूर्वपक्ष आहे, आणि आता मोबाईलबंदीच्या बाजूने लिहिणाऱ्याला ह्याचं खरं उत्तर द्यावं लागेल, कदाचित शाळेच्या फोनवरून निरोप द्यायची सोय सुचवावी लागेल. निबंध इथेच जिवंत होतो.

परीक्षेत एवढा वेळ नसतो, तिथे पाच मिनिटं कच्च्या कामाला पुरतात, पण वर्षभर घरी दहा मिनिटांची सवय असेल तरच ती पाच पुरतात.

तपासताना तुम्हीही थोडं बदला. लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणं दुसऱ्या फेरीला ठेवा. पहिल्या फेरीत फक्त समासात, जिथे कारण नाही तिथे "कशावरून?" एवढंच लिहा आणि वही परत द्या, उत्तर त्याच वहीत त्याखालीच मागा. आणि मूल कधी तुमच्याच वाक्याला हा प्रश्न विचारेल, विचारणारच, तेव्हा "उलट बोलू नकोस" म्हणायचं नाही, कारण सांगायचं, आणि कारण नसेल तर दोघांनी मिळून शोधायचं.