टाइप करताना ‘एक्स मारणं’: या चुका टाळा

टाइपरायटरवर बॅकस्पेस गाडी (कागद धरून सरकणारा भाग) मागे नेतो, अक्षर पुसत नाही. म्हणून चुकलेल्या शब्दावर एक्सची रांग मारायची. इंग्रजीत त्या अक्षराचं क्रियापदच झालं. आमच्या टेबलांवर ते ‘एक्स मार’ झालं. कोर्टाबाहेर बसून तीस वर्षं दस्त टाइप केले. शिकायला येणारी मुलं आधी स्पीड विचारतात, नीट खोडायचं कसं हे कुणीच विचारत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे कागद रोलरमधून काढल्यावर फक्त वरच्या प्रतीवर एक्स मारणं. माझ्याकडच्या एका मुलाने जमिनीच्या इंग्रजी करारात गट नंबर 147 च्या जागी 174 टाइप केला. टाचणी लावताना त्याच्या लक्षात आलं. मूळ प्रत पुन्हा चढवून एक्स मारले, पुढे बरोबर आकडा घातला. कार्बन परत लावायचा मात्र कंटाळा केला, आणि खालच्या दोन्ही प्रतींत 174 तसाच राहिला. नोंदणीच्या टेबलावर प्रती शेजारी ठेवल्या तेव्हा ते उघडं पडलं. दोन एसटी बदलून आलेले म्हातारे बाबा मला विचारत होते, “मग माझी जमीन यातली कुठली?” त्या रात्री सगळा दस्त मी स्वतः नव्याने टाइप केला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून कागद रोलरमध्ये असतानाच नावं, आकडे, चतुःसीमा बोट ठेवून वाचतो. कागद सुटल्यावर चूक सापडली तर पान सरळ नव्याने करतो. अर्धा तास जातो, जाऊ दे.

दुसरी चूक: एक्सवर एम, एमवर ओ मारून काळा ठिपका करणं. कशासाठी? एक्स एकदाच मारा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 20 प्रमाणे दस्तातल्या खाडाखोडीवर, दोन ओळींमध्ये घुसवलेल्या मजकुरावर लिहून देणाऱ्याची सही किंवा लघुस्वाक्षरी नसेल, तर अधिकारी दस्त नाकारू शकतो. आणि काय खोडलंय हे दिसल्याशिवाय माणसाने सही कशावर करायची?

3 चा 8 करू नका. एकच अंक चुकला तरी पूर्ण आकडा खोडून पुढे नवा लिहा.

दस्तावर व्हाइटनर नको म्हणजे नको.

एक्स मारताना कळ बडवू नका. पातळ कागदाला भोकं पडतात.

रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी कळफलकावर एक्सच्या जागी ग असतो. सवयीने मारत गेलात तर ‘गगगगग’ उमटतं. मराठी मजकुरात मी पट्टी ठेवून पेनाने एक रेघ मारतो.

चेकवर तर काहीच खोडू नका. सीटीएस क्लिअरिंगसाठी, म्हणजे चेकच्या फोटोवरून होणाऱ्या वटवणीसाठी, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: तारखेची मुदत वाढवण्यापुरता बदल चालतो, नाव किंवा रक्कम चुकली तर नवा चेक फाडायचा.