छोट्या लॅपटॉपवर लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपचं पॅनल उभं करा

१३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर उंची मुळातच कमी आणि त्यात खालचं पॅनल (मेनू, घड्याळ वगैरे असतं ते) अजून एक पट्टी खातं, लिब्रेऑफिस रायटरमध्ये लिहिताना सारखं स्क्रोल करावं लागतं.

१. पॅनलवर राइट क्लिक, पॅनल, मग पॅनल प्रेफरन्सेस.
२. मोडमध्ये डेस्कबार निवडा, त्यातही पॅनल उभंच होतं. व्हर्टिकल नको, त्यात घड्याळाचे आकडे आडवे पडतात आणि मान वाकडी करून वाचावं लागतं.
३. लॉक पॅनलची टिक काढा, टोकाचं हँडल धरून डाव्या कडेला ओढा, परत लॉक करा.

पॅनलवरच्या विंडो बटन्सच्या (उघड्या विंडोंची बटनं) सेटिंगमधून लेबल बंद केलीत की नुसते आयकॉन राहतात, फार सुटसुटीत वाटतं!

फक्त हे करायच्या आधी बॅकअप अँड रिस्टोअरमधून सध्याची मांडणी सेव्ह करून ठेवा.