पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड कसा वापरावा?
बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड अनेक घरांत वर्षभर तसेच पडून राहतात. ते वापरण्यासाठी २०१७ साली सुरू झालेले केंद्र सरकारचे मोफत ‘दीक्षा’ ॲप मोबाइलवर घ्यावे, त्यात मंडळ, माध्यम व इयत्ता निवडावी आणि कोड स्कॅन करावा, म्हणजे त्या पुस्तकाशी किंवा पाठाशी जोडलेले साहित्य समोर येते. पान चुरगळले असेल किंवा कॅमेरा साथ देत नसेल, तर कोडाखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टंकित करावी. हाताळून मळलेल्या जुन्या पुस्तकांसाठी तर हाच मार्ग अधिक खात्रीचा. रेंज नसलेल्या गावातील शिक्षकांनी व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवावा आणि वर्गात दाखवण्यापूर्वी स्वतः पूर्ण पाहावा, कारण काही व्हिडिओ तासिकेच्या मानाने लांबलेले असतात.