नव्या सर्व्हेअरांसाठी: यंत्र घेण्याआधी संघटनेत या

आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड किंवा स्थापत्य पदविका पूर्ण करून खासगी मोजणीच्या कामात उतरणारी मुले मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) आधी घ्यावे की रोव्हर (उपग्रहांच्या संकेतांवरून जागेचे स्थान देणारे यंत्र)? त्यांना मी उलट विचारतो की आपल्या जिल्ह्यातील सर्व्हेअर संघटनेचे सदस्यत्व घेतले आहे का. यंत्र कर्जावर मिळते, चालवायला विक्रेता शिकवतो, सॉफ्टवेअर आठ-पंधरा दिवसांत हाताला बसते. परंतु आपले काम चुकते आहे हे वेळेवर सांगणारे माणूस कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि या व्यवसायातील चूक बहुतेक वेळा बांधावर, दोन भावांच्या देखत उघडी पडते.

शासकीय भूकरमापकाच्या पाठीशी कार्यालय असते. त्याचे काम तपासायला वरिष्ठ असतात, टिपण (मूळ मोजणीची मापे लिहिलेली आकृती), फाळणी (पोटहिश्श्यांची आकृती) आणि गट नकाशा हाताशी असतो. खासगी सर्व्हेअर मात्र स्वतःच मोजतो, स्वतःच नकाशा काढतो आणि स्वतःच त्यावर सही करतो. हद्द कायम मोजणी, म्हणजे जमिनीची हद्द अधिकृतपणे ठरवणारी मोजणी, प्रमाणित करणे हे भूमी अभिलेख विभागाचे काम आहे, आपला नकाशा त्याची जागा घेऊ शकत नाही, हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही लेआउट, रस्ते, पाइपलाइन, समतलरेषा (सारख्या उंचीच्या रेषा) आणि सौर प्रकल्पांच्या जागा अशी पुष्कळ कामे आपल्याकडे येतात, आणि ती तपासणारे दुसरे डोळे सहसा नसतात. हे दुसरे डोळे मला संघटनेत मिळाले.

ज्या एका गोष्टीने मला सुरुवातीच्या काळात पुरते हैराण केले, ती सविस्तर सांगतो, कारण आजही नवे सर्व्हेअर तिच्यातच अडकलेले दिसतात. अहिल्यानगर-कर्जत पट्ट्यात सुमारे दोन किलोमीटर रस्त्याचे काम होते. दोन्ही टोकांचे नियंत्रण बिंदू (ज्यांच्यावर बाकीची मोजणी बेतायची ते पक्के बिंदू) रोव्हरने घेतले होते आणि मधली माळ (बिंदूमागून बिंदू जोडत नेलेली मोजणी) टोटल स्टेशनने ओढली होती. माळ दुसऱ्या टोकाला पोहोचली तेव्हा जवळजवळ एक मीटरचा फरक निघाला. प्रिझमचा (टोटल स्टेशनचा किरण परतवणाऱ्या काचेचा) स्थिरांक तपासला, यंत्राची पातळी दाखवणारा बबल तपासला, मागील दृष्टी (मागच्या बिंदूवरचे माप) पुन्हा घेतली; यंत्रात कोणताही दोष नव्हता. संघटनेच्या मासिक बैठकीत मी फील्डबुक (जागेवरच्या मापांची वही) उघडून ठेवले, तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सदस्य पान पाहून एवढेच म्हणाले, "अंतर जमिनीवरचे, सहनिर्देशक ग्रिडवरचे. स्केल फॅक्टर कुठे आहे?"

टोटल स्टेशन जमिनीवरचे प्रत्यक्ष क्षितिजसमांतर अंतर देते. रोव्हरचे पूर्व-उत्तर आकडे, म्हणजे सहनिर्देशक, यूटीएम प्रक्षेपणातले असतात. ही गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट ग्रिडवर उतरवण्याची पद्धत आहे, आणि तिच्यात प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखांशावर प्रमाण, म्हणजेच स्केल फॅक्टर, मुद्दाम ०.९९९६ ठेवलेले असते. आपल्या राज्याचा बहुतांश भाग ज्या ४३ व्या पट्ट्यात येतो त्याचा मध्य रेखांश ७५ अंश पूर्व आहे आणि तो नेमका कर्जतजवळून जातो. म्हणजे तेथे जमिनीवरचे १००० मीटर ग्रिडवर ९९९.६ मीटर भरतात. शिवाय जमीन समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास उंच असल्यामुळे किलोमीटरमागे आणखी आठ-नऊ सेंटिमीटर कमी होतात. दोन्ही मिळून किलोमीटरला सुमारे ४९ सेंटिमीटर, आणि दोन किलोमीटरला जवळजवळ एक मीटर. हा फरक दहा वेळा मोजले तरी तेवढाच राहतो, म्हणूनच तो हातचुकीसारखा दिसत नाही आणि माणूस यंत्रावर संशय घेत बसतो.

हा फरक सर्वत्र सारखा नसतो, हे विशेष ध्यानात ठेवा. मध्य रेखांशापासून दूर जाल तसे प्रमाण वाढत जाते. मुंबईत आणि अमरावतीत ग्रिडवरचे अंतर उलट जास्त भरते. ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा-नागपूरकडे, पट्टाच बदलून ४४ वा होतो आणि त्याचा मध्य रेखांश ८१ अंश आहे. तेथे ४३ व्या पट्ट्याची सेटिंग तशीच ठेवून काम केले तर पुढचे सारेच बिघडते. क्षेत्रफळातही हाच फरक उतरतो. कर्जतच्या परिसरात दहा हेक्टरांच्या गटाचे ग्रिडवरचे क्षेत्र जमिनीवरच्या क्षेत्रापेक्षा जवळजवळ एक गुंठ्याने कमी येते, आणि एका गुंठ्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. म्हणून काम सुरू करतानाच एकत्रित गुणक (प्रक्षेपणाचे प्रमाण आणि उंचीचा परिणाम मिळून येणारा) काढा, सर्व अंतरे एकाच पद्धतीत आणा, आणि नकाशाच्या कोपऱ्यात "अंतरे जमिनीवरची" किंवा "अंतरे ग्रिडवरची" असे गुणकासह स्पष्ट लिहा. एवढी एक ओळ पुढच्या सर्व्हेअरचा आठवडा वाचवते.

यावर लोक जे दोन सोपे मार्ग सुचवतात, त्यांच्यापासून कटाक्षाने दूर राहा. पहिला मार्ग म्हणजे दोनच बिंदूंवर लोकलायझेशन (रोव्हरचे आकडे जागेवरच्या ज्ञात बिंदूंना बसवणे) करून स्केल मोकळा सोडणे, म्हणजे प्रमाण यंत्राला ठरवू देणे. आकडे जुळतात, पण एखादा बिंदू चुकीचा असेल तर तो दोष संपूर्ण नकाशात पसरतो आणि दिसेनासा होतो. दुसरा मार्ग म्हणजे संगणकावर आकृती ताणून किंवा आखडून ती सातबाऱ्यावरच्या क्षेत्राला बसवणे. हे करणाऱ्याला मी सर्व्हेअर मानत नाही. मोजलेले क्षेत्र आणि अभिलेखातील क्षेत्र वेगळे आले तर दोन्ही लिहावेत आणि फरक दाखवावा. ग्राहक नाराज होईल, कदाचित काम दुसऱ्याकडे नेईल, तरीही दोन्ही लिहावेत.

गुरूविषयी माझे मत ठाम आहे. ज्याच्याकडे सर्वांत नवा ड्रोन आहे त्याच्यामागे जाण्याऐवजी ज्याला जुने टिपण वाचता येते त्याच्याकडे बसा. टिपणावरची मापे साखळी-आण्यांत असतात. ३३ फुटांची साखळी, म्हणजे १०.०५८४ मीटर, तिचे सोळा आणे, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. ब्रिटिश काळात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी नव्याने उभी केली, तिच्याच परंपरेतले हे अभिलेख आहेत, आणि ते वाचणारी माणसे निवृत्त होत चालली आहेत. आमच्या संघटनेत एक निवृत्त भूकरमापक काका नव्या मुलांना टिपणावरून जागेवर आकृती उतरवायला शिकवतात. शंकूने (काटकोन पाहण्याच्या जुन्या साधनाने) काटकोन कसा काढत हे त्यांच्या हातून पाहिले, की रोव्हरवरचा बिंदू कोणत्या खुणेशी पडताळायचा हे समजते.

संघटनेकडून लगेच कामे मिळतील, ही अपेक्षा घेऊन येऊ नका. ती बहुधा पुरी होत नाही, आणि पहिल्या वर्षी वर्गणी वाया गेली असेही वाटेल. मलाही वाटले होते. परंतु पैशाची चणचण असेल तर संकोच न करता सांगा, हप्त्याने वर्गणी देणारे आमच्याकडे अनेक जण आहेत आणि त्यांना कोणी कमी लेखत नाही. सदस्यांच्या वर्गणीतून आम्ही यंत्रे पडताळण्यासाठी एक पक्की तपासणी-रेषा आखली आहे. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येकाने आपले टोटल स्टेशन तेथे लावून पाहावे असा प्रघात आहे. उन्हातान्हात प्रिझम धरणाऱ्या मदतनिसांसाठी अपघात विम्याचा आग्रहही संघटनेमुळेच धरला जाऊ लागला. काम मिळवण्यासाठी दर पाडू नका, कारण पाडलेल्या दरात दुसरी फेरी, बंद माळ (ज्ञात बिंदूवर परत आणून तपासलेली माळ) आणि तपासणीची मापे बसत नाहीत. सर्वांत आधी तीच वगळली जातात.

जिल्ह्याबाहेर पाहायचे तर देशपातळीवर इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेयर्स ही संस्था आहे, आणि जगभरातील अशा संस्थांचा महासंघ, एफआयजी, १८७८ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाला. कोणत्याही संस्थेच्या परीक्षेला बसण्यापूर्वी मात्र त्या पात्रतेला आज शासकीय भरतीत मान्यता आहे का, हे भरतीच्या जाहिरातीवरून स्वतः तपासा. एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नका.

पहिल्या बैठकीला येताना न जुळलेल्या कामाचे फील्डबुक आणा. कच्च्या आकड्यांसह, खाडाखोड असली तरी तशीच आणा, आणि रोव्हरमधील पट्टा व प्रक्षेपणाच्या सेटिंगचा फोटो सोबत ठेवा. प्रश्न विचारायला भीती वाटत असेल तर बैठक संपल्यावर थांबा. चहाच्या वेळी ज्येष्ठ सदस्य अधिक मोकळेपणाने बोलतात, आणि वही पुढे केली की कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसतेच.