घासू नका: वंशभेदी चित्रांच्या जुन्या डबे-बरण्या जमवताना

बेळगावात अशा वस्तू मिळाल्याच तर दोन वाटांनी मिळतात. कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्याची आवराआवर झाली की भंगारात, नाहीतर परदेशातले नातेवाईक किंवा ऑनलाइन लिलाव यांच्याकडून. पहिल्या वाटेचा माल बहुधा ब्रिटिश असतो, दुसऱ्या वाटेचा अमेरिकन.

भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा, "मामा, काही घासू नका ओ, हाय तसंच ठेवा." चिंच, राख, पितांबरी लावली की पत्रा लख्ख होतो आणि चित्र मोरीत जातं. जमवायचं तर तेच चित्र असतं.

सुरुवातीला कॅम्प कॉफीची बाटली बरी. ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीचा हा चिकोरी घातलेला कॉफीचा अर्क. बाटली उंच, चौकोनी. लेबलावर तंबूपुढे बसलेला स्कॉटिश सैनिक आणि शेजारी शीख सेवक. काळ या सेवकावरूनच ठरतो. तो हातात ट्रे घेऊन उभा असेल तर लेबल जुनं. ट्रे गेला पण तो उभाच आहे, तर मधल्या काळातलं. दोघे शेजारी बसलेत, तर २००६ च्या आसपास बदललेलं, म्हणजे अगदी अलीकडचं. हेच शेवटचं 'अँटिक' म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. नुसती उठावाची अक्षरं असलेली, लेबल गेलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. लेबल असेल तर बाटली पाण्यात बुडवू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, तेवढं पुरे.

अमेरिकन मालात सगळीकडे दिसते ती 'मॅमी': डोक्याला रुमाल, स्थूल बांधा, कायम हसतमुख काळी स्वयंपाकीण. 'आंट जेमायमा' हे तिचं सगळ्यात प्रसिद्ध रूप. १८८९ मध्ये पॅनकेकच्या पिठाला हे नाव दिलं आणि २०२१ मध्ये ते काढलं. ओहायोतल्या डेटनच्या एफ अँड एफ कंपनीने तिच्या आणि तिच्या जोडीदाराच्या, म्हणजे 'अंकल मोझ'च्या, प्लॅस्टिकच्या मीठ-मिरीदाण्या काढल्या. लहान जोडी साडेतीन इंचांची, मोठी पाच इंचांच्या थोडी वर. उलटी करून तळाला कंपनीचं आणि गावाचं नाव आहे का पाहा. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचं असतं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लागला की ते विरघळतं, आणि कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्यांच्या वाफेनेही मऊ पडून चिकटतं. साड्यांच्या कपाटात ठेवलेल्या जोड्या अशाच वाया जातात.

चिनी मातीच्या मॅमी बरणीत नकला फार. मॅककॉय या अमेरिकन कंपनीच्या बरण्यांची तर १९९० च्या दशकात त्याच नावाच्या शिक्क्यासकट नक्कल झाली, म्हणून नुसता शिक्का पाहून पैसे मोजू नका. टेपने उंची मोजा. भाजल्यावर माती आकसते हे खानापूरच्या कुंभाराला सांगावं लागत नाही: अस्सल बरणीवरून साचा काढला की नक्कल लहानच निघते, अकरा इंचांमागे अर्धा-पाऊण इंच सहज. या बरण्यांचा रंग भाजल्यानंतर वरून लावलेला असतो, त्यामुळे जुन्या बरणीवर हात लागतो तिथे, म्हणजे झाकणाच्या कडेला आणि नाकावर, तो झिजलेला दिसायला हवा. रंग कुठेच उडालेला नसेल तर संशय घ्या. मडकं घेताना वाजवतो तशी बोटाने वाजवा; आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा किंवा डिंकाचा जोड आहे. तळाला 'ऑक्युपाइड जपान' (म्हणजे महायुद्धानंतर दोस्तांच्या ताब्यातला जपान) असेल तर वस्तू १९४७ ते १९५२ मधली, अर्थात शिक्का खरा असेल तर.

पत्र्याच्या डब्यासाठी दहापट भिंग घ्या. नव्या छपाईत ठिपके एका शिस्तीत, फुलासारख्या गोलात बसतात. जुन्या लिथो छपाईत ते वेडेवाकडे विखुरलेले असतात. खरा गंज सांध्यात आणि बुडाला जास्त असतो. सगळीकडे सारखा गंज दिसला तर तो बहुधा ॲसिडचा.

आपल्याकडच्या पावसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत माळा आणि बाहेरची भिंत दोन्ही टाळा. आतल्या भिंतीला टेकलेलं स्टीलचं कपाट, प्रत्येक खोक्यात ५० ग्रॅम सिलिका जेल, आणि डबे-बरण्यांची झाकणं घट्ट न लावता नुसती टेकवलेली. गुंडाळायला वर्तमानपत्र नको, शाई रंगावर उतरते. धुऊन मऊ झालेली सुती साडी उत्तम. मीठदाणीत जुनं मीठ राहिलं असेल तर आधी झटकून काढा, धातूचं झाकण त्यानेच खातं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून यातल्या कशातही खायचं काही ठेवू नका.

वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या: कुठे, कधी, केवढ्याला, उंची मिलिमीटरमध्ये, शिक्का जसाच्या तसा. अपमानकारक शब्द छापलेला असेल तर तोही तसाच उतरवा, पण वस्तूचं नाव म्हणून तो वापरू नका. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा, चिकटवू नका.

दिवाणखान्यात शोभा म्हणून मांडणार असाल तर जरा थांबा. खानापूर-हल्याळ भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांची वस्ती आहे. पाहुणा कोण येईल आणि त्या मॅमीकडे पाहून त्याला काय वाटेल, हे मांडणाऱ्याने ठरवायचं असतं. शेजारी दोन ओळींची पाटी हवी: कुठली, कधीची, कोणाची टर उडवण्यासाठी केलेली. आणि जागा खिडकीपासून लांबची, कारण उन्हात लाल रंग सगळ्यात आधी उडतो.