पीएचसीत रुग्णसुरक्षा संस्कृती मोजताय? या चुका टाळा

प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) रुग्णसुरक्षा संस्कृती, म्हणजे चुका आणि धोके याबद्दल कर्मचारी किती मोकळेपणाने बोलतात, कळवतात, ते मोजायचं ठरलं की सगळे आधी प्रश्नावली शोधायला लागतात. खरं तर फॉर्म कोण वाटतं आणि कोण गोळा करतं, तिथेच निम्मा निकाल लागलेला असतो. तालुक्याच्या मासिक सभेत, टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेब समोर बसलेले असताना 'भरून लगेच द्या' म्हटलं, तर आरोग्य सेविका दुसरं काय लिहिणार? गठ्ठा शंभर टक्के परत येतो आणि वरपासून खालपर्यंत 'पूर्ण सहमत'वर टिक. असा निकाल आला तर खूश होण्याआधी फॉर्म कसे भरून घेतले ते विचारा.

नाव नाही म्हणजे निनावी, हा गैरसमज

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. फॉर्मवर नाव नसतं, पण वर चार रकाने असतात: पद, वय, सेवेची वर्षे, उपकेंद्र. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या उपकेंद्रात आरोग्य सेविका बहुधा एकच. पीएचसीत वैद्यकीय अधिकारी एक नाही तर दोन. पद आणि ठिकाण एकत्र आलं की माणूस ओळखलाच, आणि हे त्या सेविकेला आपल्याआधी कळतं. त्यामुळे उपकेंद्र विचारूच नका, तालुका पुरे. वय गटांत घ्या. 'कंत्राटी की कायम' हे त्यावर खरंच विश्लेषण करणार असाल तरच विचारा. गूगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते पाहा. कागदी फॉर्म बंद पेटीत जावेत आणि पेटी केंद्राबाहेरच्या माणसाने उघडावी.

रुग्णालयाचा फॉर्म उचलून आणणं

अमेरिकेच्या एएचआरक्यू या आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेची 2004 ची रुग्णालयासाठीची प्रश्नावली सगळ्यांना माहीत असते. तिच्यात वॉर्ड बदलणं, शिफ्टची अदलाबदल असे प्रश्न आहेत. पीएचसीतला धोका वेगळा: रेफर केलेली जोखमीची गरोदर माता पुढे पोहोचली का, थुंकीचा रिपोर्ट आला पण रुग्णाला कळवला का, आयएलआरचं (लसी ठेवायच्या फ्रीजचं) तापमान 2 ते 8 अंशांत राहिलं का. त्याच संस्थेची बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठीही प्रश्नावली आहे आणि तिच्यात रुग्णाच्या पाठपुराव्यावर वेगळा भाग आहे. ती जवळची. पण तिथले नेतृत्वाचे प्रश्न खासगी दवाखान्याचा मालक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेत. आपल्याकडे 'वरिष्ठ' म्हणजे एमओ (वैद्यकीय अधिकारी), आरोग्य सहायिका की टीएचओ, ते फॉर्मच्या माथ्यावर स्पष्ट लिहा. नाहीतर प्रत्येक जण वेगळ्याच माणसाबद्दल उत्तर देईल.

जत तालुक्यात सीमेकडच्या गावांत कन्नड जास्त सोयीची असलेले कर्मचारी असतील. तिथे मराठी फॉर्म आधी आठ-दहा जणांना वाचायला देऊन बघा.

आकडे विचित्र आले तर

क्रॉनबाख अल्फा (एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ऋण किंवा फारच कमी आला तर आधी उलटे प्रश्न तपासा. 'इथे चूक कळवली की मेमो मिळतो' याला 'पूर्ण सहमत' हे वाईट उत्तर, म्हणून पाच गुणांच्या मोजपट्टीवर 6 वजा गुण करावे लागतात. एक्सेलमध्ये हे हमखास राहून जातं. उलटे करूनही जुळत नसेल तर त्या वाक्यात दोन 'नाही' आलेत का बघा. वाचणारा गोंधळतो आणि भलतीकडे टिक करतो.

'लागू नाही' आणि कोरी उत्तरं शून्य धरू नका, छेदातूनच वगळा. प्रत्येक भागात सकारात्मक उत्तरांचं प्रमाण काढा. 75 टक्के किंवा वर म्हणजे बलस्थान, 50 किंवा खाली म्हणजे काम बाकी, असा एएचआरक्यूचा ढोबळ निकष आहे.

पण सगळ्या संवर्गांची एकच सरासरी काढू नका. डॉक्टर म्हणतात 'आमच्याकडे कुणीही मोकळेपणाने बोलू शकतं' आणि सेविका म्हणतात 'बोलून काय उपयोग'. सरासरीत दोघांचंही म्हणणं बुडतं. संवर्गनिहाय तुलना मात्र तालुका किंवा जिल्हा पातळीवरच करा. एका केंद्राची केलीत तर वरचीच ओळख पटण्याची अडचण परत आली.

आणखी एक. कायाकल्प किंवा एनक्यूएएस या सरकारी स्वच्छता-गुणवत्ता तपासण्यांचे गुण चांगले आहेत म्हणून संस्कृतीही चांगलीच, असं अहवालात लिहू नका. तिथे मुख्यतः स्वच्छता, नोंदी, कामाच्या पद्धती तपासतात. चुकीचं औषध हातात आलं तर औषध निर्माण अधिकारी ते कुणाला सांगतो, हे त्यात कळत नाही.

निकाल आला की महिन्याभरात कर्मचाऱ्यांना दाखवा. त्यानंतर लसीकरणानंतरच्या त्रासाच्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी वाढल्या, तर लगेच खुलासा मागवू नका. लोक कळवायला लागले की पहिले काही महिने आकडा वाढणारच.